राजवाडा, पाहुणा आणि चाकरमानी



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेस आरंभ केला आणि तिचे पाहून ही प्रथा गावोगाव रुजली. उन्हाची तलखी उतरावी, माणसांनी घराबाहेर पडावे, आणि ज्याला जे ठाऊक आहे ते त्याने चारचौघांत सांगावे, असा हा साधा व्यवहार आहे. यंदा चालकांनी आम्हांस विषय विचारला तेव्हा आम्ही ‘राजवाड्यातील हॉटेल’ असे उत्तर दिले. पलीकडून थोडा वेळ आवाजच आला नाही. कामगार चळवळीतला मनुष्य म्हणजे बोनस, महागाई आणि कंत्राटी पद्धत यांवरच बोलणार अशी लोकांची खात्री असते. त्यांनी काळजी करू नये. आज आम्ही त्याच गोष्टींवर बोलणार आहोत. फक्त तिथवर राजवाड्यातून जाणार आहोत.

आमचे शिक्षण रात्रशाळेत सुरू झाले आणि पुढे सार्वजनिक वाचनालयात चालले. गेली तीस वर्षे आम्ही हॉटेले आणि उपाहारगृहे यांतील कामगारांत वावरत आहोत. त्यामुळे हॉटेल म्हटले की आम्हांस त्याचे मागचे दार आठवते. भांडी घासण्याची मोरी, भटारखान्यातली धग, जिन्याखाली वळकट्या टाकून झोपलेली पोरे, हेच आमचे हॉटेल. गेल्या वर्षी कोकणात संघटनेचे एक शिबिर आटोपल्यावर आमच्या मंडळींनी हट्ट धरला : “जन्मभर मागच्या दाराशी उभे राहिलात, एकदा पुढच्या दारानेही जाऊन बघा.” दोन दिवसांचे भाडे आमच्या खिशाला जड होते. तरी गेलो आणि सावंतवाडीच्या राजवाड्याच्या आवारात दोन रात्री राहिलो. तेथे जे पाहिले आणि त्यावरून जे विचार सुचले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम, राजवाड्यांची हॉटेले झाली कशी, ते पाहू. स्वातंत्र्य आले तेव्हा या देशात साडेपाचशेच्या वर संस्थाने होती. दोन वर्षांत ती जवळजवळ सगळी भारतात विलीन झाली. राजांचा अधिकार गेला. मोबदला म्हणून त्यांस तनखा ठरवून दिला गेला आणि त्याचे वचन घटनेत लिहिले गेले. राजवाडा बहुधा राजाच्या खाजगी मिळकतीत राहिला. आता राज्य नाही, सारा नाही, वेठ नाही. पण छप्पर मात्र तेवढेच मोठे! कौले दर पावसाळ्यापूर्वी चाळावीच लागतात आणि भिंतीस मुरलेली ओल विलीनीकरणाचा करार वाचीत बसत नाही. जयपूरच्या महाराजांनी हे लवकर ओळखले आणि १९५७ साली आपल्या रामबाग राजवाड्याचे हॉटेल केले. उदयपूरच्या महाराण्यांनी १९६३ साली सरोवराच्या मधोमध असलेला आपला जलमहाल पाहुण्यांस खुला केला. पुढे या दोन्हींचा कारभार ताज हॉटेल कंपनीकडे गेला.

मग तनख्याचा तंटा आला. १९७० साली राष्ट्रपतींच्या हुकुमाने राजांची मान्यता काढून घेण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरात तो हुकूम रद्द ठरवला. तेव्हा १९७१ साली संसदेने सव्विसावी घटनादुरुस्ती केली आणि तनखे कायमचे बंद झाले. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. ही गोष्ट योग्यच झाली असे आम्ही मानतो. ज्या देशात शेतमजुरास दोन वेळचे अन्न मिळत नव्हते, तेथे केवळ जन्माच्या हक्काने वर्षासन मिळणे न्यायाचे नव्हते. परंतु त्या निर्णयाचा एक परिणाम असा झाला की पुष्कळ घराण्यांपुढे तीनच वाटा राहिल्या : वाडा विकावा, पडू द्यावा किंवा कामास लावावा. ज्यांनी तिसरी वाट धरली त्यांच्यापैकी काहींनी वाडा मोठ्या कंपनीच्या हाती दिला. काहींनी मात्र स्वतःच गल्ल्यावर बसायचे ठरवले. केंद्र सरकारच्या पर्यटन खात्याने अशा वास्तूंसाठी हॉटेलांचा एक वेगळा वर्गच केला आहे. १९५० सालापूर्वी बांधलेला वाडा, गढी, किल्ला किंवा हवेली असेल तर तिला वारसा हॉटेल म्हणून मान्यता मिळू शकते. आम्ही ज्याविषयी बोलत आहोत ते या दुसऱ्या जातीचे, घरच्या माणसांनी चालवलेले हॉटेल.

आता सावंतवाडीकडे वळू. कोकण रेल्वे १९९८ साली पुरी झाली तरी सावंतवाडीचे स्थानक गावापासून काही मैल दूर आहे. तेथून रिक्षाने निघालो की दोन्ही बाजूंस आंबा, काजू, फणस आणि मधूनमधून जांभ्या दगडाचे गडगे. गावात शिरताच मोती तलाव दिसतो. सगळे गाव जणू त्याच्या काठाने येऊन बसले आहे, आणि त्याच्या समोरच राजवाडा. तो खेमसावंत तिसरे यांच्या कारकिर्दीतला, म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. राजस्थानी महालांची छायाचित्रे पाहून गेलेल्यास तो प्रथम साधा वाटेल. संगमरवर नाही, आरसेमहाल नाही. लाल जांभा, कमानी, लांब ओसऱ्या, वर कौले आणि भोवती मोठी झाडे. पण कोकणातला पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला या बांधणीचे शहाणपण लगेच कळते. छप्पर उतरते, ओसरी रुंद, भिंत जाड. कोकणातल्या कोणत्याही चांगल्या घराची हीच मांडणी. येथे ती मोठ्या मापाने केली आहे एवढेच.

या संस्थानाविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पाचवे खेमसावंत ऊर्फ बापूसाहेब महाराज यांस लोक प्रेमाने ‘रामराजा’ म्हणत आणि आजही सावंतवाडीत त्यांचे नाव आदराने घेतले जाते. १९३७ साली ते वारले. १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि रत्नागिरी जिल्ह्याचा भाग बनले. १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा निघाला तेव्हा सावंतवाडी त्यात गेली. बापूसाहेबांचे चिरंजीव शिवरामराजे आणि त्यांच्या राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी पुढे जे काम केले, त्यामुळेच आज या राजवाड्याकडे लोकांची पावले वळतात. ते काम म्हणजे गंजिफा.

आपल्यापैकी पुष्कळांनी गंजिफा हा शब्द ऐकला असेल, खेळ मात्र क्वचितच कोणी पाहिला असेल. गंजिफा म्हणजे गोल पत्ते. मोगलांबरोबर ते या देशात पसरले; बाबराच्या आत्मचरित्रात १५२७ सालच्या हकिकतीत त्यांचा उल्लेख आहे. मोगली जोडात शहाण्णव पाने आणि आठ रंग असतात. हे आठ रंग कोणते, हे ऐकण्यासारखे आहे. ताज म्हणजे मुकुट, शमशेर म्हणजे तलवार, गुलाम म्हणजे चाकर, किमाश म्हणजे कापडाचे कोठार, चंग म्हणजे वाद्य, पांढरे नाणे, तांबडे नाणे आणि आठवा रंग बरात. बरात म्हणजे आपल्या जुन्या दफ्तरांतली वरात, अमक्यास इतके पैसे द्यावेत असा लेखी हुकूम. म्हणजे पाहा, राजवाड्याचा सगळा कारखानाच त्या पत्त्यांत आला आहे! राजा आहे, फौज आहे, खजिना आहे, गाणेबजावणे आहे. चाकर आहे, आणि देण्याचा कागदही आहे. आम्ही ज्या कागदासाठी तीस वर्षे मालकांशी भांडत आलो, त्याला बादशहाच्या पत्त्यांत स्वतंत्र रंगाचा मान होता. हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे तो कामास येईल.

आपल्याकडे हा खेळ आला तेव्हा त्याने वेष पालटला. दशावतारी गंजिफा झाली. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दहिल्यापर्यंत दहा पाने, मिळून एकशेवीस. तिघांनी बसायचे, प्रत्येकास चाळीस पाने. दिवसा खेळ असेल तर रामाच्या रंगाने उतारी आणि रात्री असेल तर कृष्णाच्या. आणखी गंमत अशी की दहापैकी पाच रंगांत दहिला मोठा, तर उरलेल्या पाचांत एक्का मोठा. एकटे पान दहांवर मात करते ते कोणत्या रंगात, हे ध्यानात ठेवून खेळावे लागते. म्हणून हा खेळ स्मरणशक्तीचा. आमच्यासारख्यास दोन डावांत घाम फुटतो.

हे पान बनवायचे म्हणजे कष्टाचे काम. कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवायचे, गोल कापायचे, त्यावर खडूचा हात द्यायचा, घोटून गुळगुळीत करायचे, मग रंग, मग बारीक कुंचल्याने चित्र, शेवटी लाखेचा थर. एकेका पानावर अवतार, त्याचे आयुध, त्याचा परिवार. असे एकशेवीस वेळा. सावंतवाडीत हे काम चितारी मंडळी करीत. तीच मंडळी लाकडाची फळे, खेळणी आणि रंगीत पाट करीत; चितारआळी हे नाव अजून कायम आहे. पुढे छापील विलायती पत्ता आला. तो स्वस्त, हलका आणि चटकन पिसता येणारा. गंजिफा मागे पडली. शिवरामराजांनी आणि राणीसाहेबांनी लक्ष घातले तेव्हा हे काम पुरते जाणणारा पुंडलिक चितारी नावाचा एकच वृद्ध कारागीर उरला होता. त्याच्याकडून ती विद्या दोघांनी स्वतः शिकून घेतली, आणि १९७० च्या सुमारास राजवाड्यातच कारागिरांस बसवून काम पुन्हा सुरू केले. राजाने चिताऱ्यापुढे शागीर्द होऊन बसावे, ही गोष्ट आम्हांस तनखा रद्द होण्याइतकीच महत्त्वाची वाटते.

आजही दरबारच्या दालनात कारागीर मांडी घालून बसलेले दिसतात. ज्या जागी पूर्वी मानकरी ओळीने उभे राहत, तेथे आता रंगाच्या वाट्या मांडल्या आहेत. पाहुण्यांच्या दालनांसही दशावतारांची नावे आणि तीच चित्रे आहेत. खोली स्वच्छ, हवेशीर. जुने सामान जपून वापरलेले. जेवणास घरच्या चवीचे कोकणी पदार्थ. घावन, आंबोळी, काळ्या वाटाण्याची उसळ, सोलकढी. आमच्या मंडळींनी जेवणाविषयी काही तक्रार केली नाही. ज्यांस आमचे घर माहीत आहे त्यांस या वाक्याची किंमत कळेल!

घरच्या माणसांनी चालवलेले हॉटेल आणि कंपनीचे हॉटेल यांतला फरक कोठे दिसतो? कंपनीच्या हॉटेलात तुम्हांस सलाम ठोकणारा मनुष्य तुमचे नाव एका कागदावरून वाचतो. येथे घरच्या माणसाला हे ठाऊक असते की अमुक खुर्ची पणजोबांची, तिचा एक पाय नवा आहे आणि तो कोणत्या सुताराने बसवला. ती माणसे घर दाखवतात. दाखवताना ती इतिहास सांगतात, पण त्याहून जास्त दुरुस्त्या सांगतात. आम्हांस हे फार आवडले. दुरुस्त्या सांगणारा मालक आपल्या वास्तूत कोणाचे हात लागले आहेत हे विसरलेला नसतो.

येथे आपल्यापैकी कोणी विचारील : हे सगळे ठीक, पण राजवाडा बांधला कोणाच्या पैशाने? रयतेच्याच ना? मग तो लोकांचा का नसावा? प्रश्न रास्त आहे, आणि तो टाळण्याचे कारण नाही. जोधपूरचा उमेदभवन राजवाडा १९२९ साली सुरू झाला आणि १९४३ साली पुरा झाला. दुष्काळात लोकांच्या हातांस काम मिळावे म्हणून तो काढला, असे अभिमानाने सांगितले जाते. आज त्याच्या एका भागात घराणे राहते आणि एका भागात हॉटेल आहे. भुकेलेल्यास मजुरी मिळाली हे खरे, आणि भुकेलेल्याच्या मजुरीतून राजास महाल मिळाला हेही तितकेच खरे. औंधच्या पंतप्रतिनिधींनी निराळा मार्ग धरला. त्यांनी १९३९ च्या सुमारास गांधीजींच्या सल्ल्याने राज्यघटना करून कारभारच प्रजेच्या हाती दिला आणि आपला अमोल चित्रसंग्रह संग्रहालयात लोकांसाठी ठेवला. म्हणजे राजे सगळे सारखे नव्हते आणि वाडेही सारखे नाहीत.

आमचे मत विचाराल तर ते असे. सरकारने ताब्यात घेतलेले वाडेही आम्ही पाहिले आहेत. कित्येकांत कचेऱ्या भरल्या, कोरीव खांबांस खिळे ठोकून तारा नेल्या आणि दस्तऐवजांच्या गाठोड्यांवर पावसाचे पाणी गळत राहिले. कागदोपत्री मालकी लोकांची झाली म्हणून वास्तू लोकांची होत नाही. ती लोकांची होते ती तीन गोष्टींनी. सामान्य माणसास ती माफक पैशांत पाहता यावी, तिच्यातून गावच्या हातांस काम मिळावे, आणि ते काम इज्जतीचे असावे. पहिल्या दोन कसोट्यांवर सावंतवाडीचा राजवाडा उतरतो. तिकीट काढून कोणीही दरबार पाहू शकतो आणि चिताऱ्याचा कुंचला तेथे चालू आहे. तिसरी कसोटी ही आमच्या धंद्यातली, म्हणून तिच्यावर जरा थांबू.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन आलेल्या मुलास आम्ही सवयीप्रमाणे गाव विचारले. जवळच्याच खेड्यातला होता. म्हणाला, “आजो मुंबयक गेलो, बापूस गोंयाक गेलो, माका हयसरच काम गावला.” या एका वाक्यात कोकणाचा शंभर वर्षांचा इतिहास आहे. मुंबईची पहिली कापडगिरणी १८५४ साली निघाली आणि १८५६ साली चालू झाली. तेव्हापासून कोकणातली तरुण माणसे बोटीने, पायी, पुढे एस.टी.ने मुंबईस जात राहिली. त्यांचे नावच चाकरमानी पडले. गावाकडे शेती बायकांनी सांभाळली आणि घरे मनीऑर्डरींवर चालली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसे संपावर गेली, आणि त्यांतली पुष्कळशी पुन्हा कामावर चढलीच नाहीत. आमचे वडील त्यांतलेच एक. तेव्हा आम्ही शाळकरी वयाचे होतो. पुढची शाळा रात्रीची झाली ती त्यामुळे. म्हणून ‘माका हयसरच काम गावला’ हे शब्द आम्हांस हलके वाटत नाहीत. गावातच काम मिळणे म्हणजे आईबापांजवळ राहणे, भाताची लावणी न चुकणे, खोलीच्या भाड्यात निम्मा पगार न जाणे. राजवाड्यात दहा माणसांस काम मिळाले तर दहा घरे जागेवर राहतात. या गोष्टीस आम्ही फार मोठी किंमत देतो.

पण त्याबरोबरच एक धोकाही असतो, आणि तो बोलून दाखवला नाही तर आम्ही येथे उभे राहून काय उपयोग? आता जे बोलणार ते सावंतवाडीच्या त्या घराविषयी नव्हे. तेथे आम्ही पाहुणे होतो. त्यांचे हजेरीपुस्तक पाहण्याचा आमचा अधिकार नव्हता आणि तक्रार घेऊन कोणी आमच्याकडे आले नाही. जे बोलतो ते तीस वर्षांत पाहिलेल्या लहानमोठ्या घरगुती धंद्यांविषयी. तेथे एक गोड शब्द फार वापरला जातो : “हा आमच्या घरच्यासारखाच.” ऐकायला बरे वाटते. पण घरच्यासारख्याला सुट्टी कोणती? घरच्यासारख्याचे तास किती? घरात कोणी पगाराची चिठ्ठी मागते काय? पाहुणे रात्री अकरास आले तरी जेवण वाढायचे आणि पहाटे पाचास चहा द्यायचा, कारण घरच्यासारखा! आणि म्हातारपणी हात थरथरू लागले की मात्र तो एकाएकी परका होतो. एका गावी अठरा वर्षे एकाच मालकाकडे स्वयंपाक केलेल्या मनुष्यास आम्ही कामाचा पुरावा विचारला. त्याने आपल्या हाताचे तळवे पुढे केले. दुसरा कागद त्याच्याजवळ नव्हता.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्रात दुकाने, हॉटेले, उपाहारगृहे यांसाठी १९४८ सालचा जुना कायदा होता. त्याच्या जागी २०१७ साली नवा कायदा आला आणि त्याने दहा कामगारांचा उंबरठा घातला. दहापेक्षा कमी माणसे असतील तर त्यातली बहुतेक कलमे लागू होत नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने हा उंबरठा वीसपर्यंत वर नेण्यास मान्यता दिली, आणि दिवसाचे कामाचे तास नवावरून दहा करण्यासही दिली. भविष्यनिर्वाह निधीचा उंबरठा वीस कामगारांचा, राज्य विम्याचा साधारण दहांचा. आता घरच्या माणसांनी चालवलेले हॉटेल म्हणजे किती खोल्या आणि किती माणसे? सहा, आठ, फार तर पंधरा. म्हणजे राजवाड्याचा दिंडी दरवाजा हत्ती जाईल इतका उंच असतो आणि कायद्याचा उंबरठा मात्र तेथील चाकरास ओलांडता येत नाही. किमान वेतनाची तरतूद तेवढी लहान धंद्यासही आहे. १९४८ साली आलेल्या त्या कायद्याची जागा नोव्हेंबर २०२५ मध्ये वेतन संहितेने घेतली आहे. पण लेखी हिशेबच नसेल तर किमान वेतन दिले की नाही हे सिद्ध करायचे कसे?

लहान मालकाची बाजू आम्हांस समजत नाही असे नाही. कोकणात पावसाचे महिने जवळजवळ मोकळे जातात, दिवाळी-नाताळात गर्दी लोटते, आणि छपराचा खर्च तर चुकतच नाही. पंचतारांकित हॉटेलास जे झेपते ते सहा खोल्यांच्या घरास झेपणार नाही. म्हणून अशा ठिकाणी आम्ही मोर्चा नेत नाही. आम्ही चारच गोष्टी मागतो. दरमहा पगाराची लेखी चिठ्ठी. पाळीपाळीने आठवड्याची एक पुरी सुट्टी. पाहुण्यांनी दिलेल्या बक्षिसीची सर्वांत, भांडी घासणाऱ्यासकट, उघड वाटणी. आणि प्रत्येकाच्या नावे विम्याची काहीतरी सोय, मग ती कायद्याने बंधनकारक असो वा नसो. यांतल्या पहिल्या तिहींस फारसा पैसा लागत नाही. वही लागते आणि मन लागते. मघाशी सांगितलेली बरात आठवा. बादशहाच्या खेळात देण्याच्या कागदास स्वतंत्र रंग होता. आपल्या काळातल्या हॉटेलात तो चिठोऱ्याएवढाही असू नये?

आणखी एक विचार आहे, तो जरा मनास लागणारा आहे. राजवाडा टिकला, गिरणी का टिकली नाही? सावंतवाडीहून परतल्यावर आम्ही परळात गेलो होतो. फिनिक्स गिरणीच्या जागी मोठे बाजारसंकुल आहे. चिमणी तेवढी उभी ठेवली आहे. तिच्याखाली तरुण मुलेमुली हसत छायाचित्रे काढतात. त्यांचा दोष नाही. ती चिमणी कशाची हे सांगणारे तेथे कोणी बसलेले नाही. दरबारात चितारी बसला आहे, म्हणून दरबार बोलतो. गिरणीत साचेवाला बसलेला नाही, म्हणून चिमणी मुकी आहे. राजघराण्याने आपला वारसा जपला, कारण तो त्यांना आपला वाटला, आणि जमीन त्यांच्या नावावर होती. कामगाराला गिरणी आपली वाटे, पण सातबारा दुसऱ्याचा होता. तरीसुद्धा जे आपल्या हाती होते ते तरी आपण किती जपले? शाहीर अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि गव्हाणकर यांनी लालबावटा कलापथक उभे केले. चाळीचाळींत भजनी मंडळे होती, व्यायामशाळा होत्या, खानावळवाल्या बायका होत्या. शेकडो गिरणी कामगारांस दोन वेळ जेवू घालणाऱ्या त्या बायकांच्या हिशेबाच्या वह्या आज कोणाकडे आहेत? राणीसाहेबांनी एका म्हाताऱ्या चिताऱ्यास गाठले आणि त्याची विद्या वाचवली. आपल्या गावातही असा शेवटचा कोणीतरी असेल. कासार असेल, तांबट असेल, हातमागावरचा विणकर असेल. त्याला गाठण्यास राजा असावे लागत नाही. नगरपालिकेची एक खोली, वाचनालयाचे एक कपाट आणि आठवड्यातून दोन संध्याकाळ देणारी चार माणसे एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. त्या कामासाठी नावे द्यावयाची असतील त्यांनी सभा संपल्यावर आम्हांस भेटावे. आम्ही वही घेऊन आलो आहोत.

सुट्टीत आपल्यापैकी काही मंडळी अशा वाड्यांत मुक्कामास जातील. अवश्य जा. दोन दिवस निवांतपणा मिळणे हा काही श्रीमंतांचाच हक्क नाही. आठ तासांच्या दिवसासाठी जी माणसे लढली ती उरलेल्या तासांसाठीच लढली. गेल्यावर वाड्याच्या मालकांशी बोला. बहुतेक ठिकाणी ती माणसे अगत्यशील असतात आणि त्यांच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते. त्याचबरोबर चहा आणून देणाऱ्याचे नाव विचारा आणि त्याची सुट्टी कोणत्या वारी असते तेही विचारा. हा प्रश्न आम्ही पुष्कळ ठिकाणी विचारून पाहिला आहे. जेथे उत्तर चटकन येते, ते घर नीट चालले आहे असे समजावे. जेथे मनुष्य मालकाकडे पाहू लागतो, तेथे पाहुण्याने नम्रपणे दोन शब्द बोलावेत. एका रात्रीचे भाडे देणाराही त्या रात्रीपुरता थोडा मालकच असतो. आणि कारागिराकडून वस्तू घ्याल तेव्हा घासाघीस करू नका. एकशेवीस पानांची किंमत छापील पत्त्यांशी ताडून पाहणे म्हणजे लावणीपासून कापणीपर्यंतचे कष्ट विसरून भाताचा भाव करणे आहे.

राजांचे दिवस गेले, ते बरे झाले. त्यांचे वाडे राहिले, तेही बरे झाले, कारण ते मुळात गवंड्यांचे, सुतारांचे आणि चिताऱ्यांचे काम आहे. आता त्या वाड्यांत जो मुलगा सकाळी चहा आणतो, त्याच्या खिशात महिनाअखेरीस पगाराची चिठ्ठी असली की हे काम पुरे झाले असे आम्ही म्हणू.